फट बुजवताना: हार्पर्स फेरी ते कोडी, अमेरिकन घोडदळी कार्बाइनच्या मागावर सात दिवस

ठासणीची बंदूक घोड्यावर बसून कशी भरायची? काडतुसाची कागदी पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, वरून गोळी टाकायची, गज काढून ठासायचं, गज जागेवर घालायचा, बंदुकीचा घोडा अर्धा ओढून ठोक्याने पेटणारी स्फोटक टोपी बसवायची. तोवर चार पायांचा घोडा भलतीकडे वळलेला असतो, कारण लगाम धरायला हात उरलेलाच नसतो. गज हातातून पडला तर राहिली नुसती काठी.

म्हणून घोडेस्वाराला आखूड बंदूक, म्हणजे कार्बाइन, हवी आणि तीही मागून भरायची. पण मागून भरायची म्हणजे नळीला मागे तोंड ठेवायचं, आणि तोंड म्हटलं की फट आली. बार उडाला की त्या फटीतून तापलेला वायू थेट स्वाराच्या डोळ्यांकडे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कार्बाइनचा सगळा खटाटोप ही फट बुजवण्याचा आहे. सहलीचा मार्गही त्याच क्रमाने आखला होता. नकाशावर तो वेडावाकडा दिसतो.

पहिला दिवस: हार्पर्स फेरी, वेस्ट व्हर्जिनिया

वॉशिंग्टनहून रेल्वेनेही इथे येता येतं, पण पुढे गेटिसबर्ग गाठायचं असेल तर गाडी हवी. गाडी वरच्या पठारावर उद्यानाच्या वाहनतळावर लावून बसने खाली गावात उतरायचं. गावात गाडी लावायला जागा जवळजवळ नाहीच.

बहुतेक लोक जॉन ब्राउनचा ‘किल्ला’ बघतात, पोटोमॅक आणि शेनान्डोआच्या संगमावर फोटो काढतात आणि परततात. किल्ला म्हणजे शस्त्रागाराचं बंबघर. गुलामांचं बंड उभारायला शस्त्रागारावर चाल करून आलेला ब्राउन १८५९च्या ऑक्टोबरात इथे अडकला. त्याने जमवलेल्या सामानात ९५० भाल्यांसोबत सुमारे २०० शार्प्स कार्बाइन होत्या. शार्प्सचा विषय उद्या.

आजचं खरं ठिकाण शेनान्डोआच्या काठाने वर चालत गेल्यावर लागतं. व्हर्जिनियस बेटावरून पायवाट पुढे हॉलच्या रायफल कारखान्याच्या जागेकडे जाते. वर इमारत उभी नाही. पाया, कालव्याच्या भिंती आणि गर्द झाडी. सकाळी लवकर जावं, पायात बूट घालावेत. नदीकाठचा दगड शेवाळाने निसरडा असतो.

जॉन हॉल इथे आला तो १००० रायफलींचं कंत्राट घेऊन. त्याच्या बंदुकीत नळीच्या मागचा ठोकळा पुढच्या टोकाने वर उचलला जातो. खालची कळ दाबली की ठोकळा तोंड वर करतो, त्यात दारू आणि गोळी भरायची, ठोकळा खाली दाबायचा. गजाची गरज संपली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हॉलने मापकांचे संच करून प्रत्येक भाग असा घडवला की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा. १८३४पर्यंत कनेटिकटमधल्या सिमियन नॉर्थच्या कारखान्यात बनलेले भाग इथल्या भागांशी जुळू लागले. ड्रॅगून, म्हणजे घोडेस्वार, पलटणीसाठी १८३३ची हॉल-नॉर्थ कार्बाइन आली, ती अमेरिकन सैन्याने स्वीकारलेली टोपीवर चालणारी पहिली बंदूक.

फट मात्र तशीच राहिली. ठोकळा आणि नळी यांच्यात सांधा बंद करणारं काहीच नव्हतं, होती ती फक्त अचूक घासणी. नवीन बंदुकीत ती पुरे. बिजागरीचा खिळा झिजला की झोत बाहेर. भरताना सांडलेली दारू ठोकळ्याखालच्या पोकळीत साचायची, ती पेटली तर लाकूड फुटायचं. संग्रहालयात हॉलची कार्बाइन दिसली तर सांध्याखालचं लाकूड आधी बघावं. तडा किंवा जुनी दुरुस्ती बऱ्याचदा तिथेच सापडते.

जाता जाता: १८६१त सरकारने अशा ५००० जुन्या कार्बाइन साडेतीन डॉलरला एक अशा विकल्या आणि थोड्याच दिवसांत सरकारच्याच एका सेनापतीने त्या २२ डॉलरला एक अशा परत घेतल्या. मधल्या दलालांना पैसे पुरवणाऱ्यांत तरुण जे. पी. मॉर्गन, पुढचा बडा बँकर, होता.

दुसरा दिवस: गेटिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया

फ्रेडरिकवरून महामार्ग १५ धरला की तासाभरात गेटिसबर्ग, उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या अमेरिकन यादवी युद्धाची रणभूमी. रणभूमीवरचे रस्ते सगळ्यांना खुले आहेत. कार्बाइनसाठी आलेल्याने गाव ओलांडून आधी पश्चिमेला, चेंबर्सबर्ग रस्त्याने सुमारे तीन मैल जावं. नॉक्सलिन रस्त्याच्या कोपऱ्यावर एक छोटा दगडी खांब आहे. १ जुलै १८६३ला सकाळी ८व्या इलिनॉय घोडदळाच्या लेफ्टनंट मार्सेलस जोन्सने आपल्या सार्जंटची शार्प्स कार्बाइन मागून घेतली आणि लढाईतली पहिली गोळी झाडली, असं त्यावर कोरलंय. १८८६त जोन्स आणि त्याचे सोबती हा दगड घेऊन आले. पहिल्या गोळीवर इतर पलटणींनीही हक्क सांगितला आहे. खांब इतका लहान आहे की वेग कमी केला नाही तर मागे सुटतो.

तिथून परत मॅक्फर्सन टेकाडावर उत्तरेच्या घोडदळाचा सेनापती ब्यूफर्ड याच्या पुतळ्यापाशी. ब्यूफर्डच्या स्वारांनी सात गोळ्यांच्या स्पेन्सर कार्बाइननी शत्रूचं पायदळ रोखलं, ही गोष्ट इथे हमखास कानावर पडते. ती चूक आहे. स्पेन्सर कार्बाइन सैन्याच्या हातात पडायला त्या वर्षीचा शरद उजाडला. ३ जुलैला पूर्वेच्या घोडदळ मैदानावर मिशिगनच्या स्वारांकडे स्पेन्सर होत्या, पण त्या लांब नळीच्या रायफली. ब्यूफर्डकडे होत्या एकेक गोळीच्या, मागून भरायच्या कार्बाइन: शार्प्स, बर्नसाइड, गॅलॅगर आणि आणखी काही. त्यातही पायउतार होऊन लढताना दर चौथा माणूस घोडे धरायला मागे राहायचा, म्हणजे रांगेत तीन चतुर्थांशच बंदुका. टेकाडावर उभं राहून हे गणित केलं की त्या सकाळचे दोन-अडीच तास किती ताणून काढले असतील ते कळतं.

मराठी माणसाला इथला एक फरक चटकन उमगेल. दक्षिणेचा स्वार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, म्हणजे शिलेदार. उत्तरेचा सरकारी घोड्यावर, म्हणजे बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला की नवा आणायला तो घरी जायचा आणि तितके दिवस फौजेतली एक बंदूक कमी व्हायची.

दुपार दुकानांत. स्टाइनवेहर आणि बाल्टिमोर रस्त्यांच्या बाजूला जुन्या हत्यारांची दुकानं आहेत. विचारलं तर बंदूक हातात देतात. हात स्वच्छ हवेत, अंगठी काढून ठेवावी, आणि न विचारता चाप कधीही ओढू नये; दीडशे वर्षांचा निपल, म्हणजे टोपी बसते ते टोक, नुसत्या घोड्याच्या ठोक्याने फुटतो.

शार्प्स हातात आली की सगळं एका हालचालीत समजतं. .५२ इंच व्यासाची, २२ इंच लांब नळी, वजन साडेतीन किलोच्या आसपास. चापाचा कमानदार कठडा हीच तरफ. ती खाली ओढली की पोलादी ठोकळा सरळ खाली घसरतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. तागाच्या कापडाचं काडतूस आत सरकवायचं, तरफ वर. वर येताना ठोकळ्याची धार काडतुसाची शेपटी कापते आणि दारू उघडी पडते. बाहेरच्या टोपीची ठिणगी तिथे पोचते. सराईत हात मिनिटाला आठ-दहा बार काढायचा.

फटीवर इलाज ठोकळ्याच्या तोंडात आहे. तिथे एक सरकती कडी बसवलेली असते. बाराचा दाब कडीला पुढे ढकलतो, कडी नळीच्या कडेला चिकटते, झोत अडतो. कोनंटने १८५६त, मग लॉरेन्सने १८५९त ही रचना सुधारली. अडचण एवढीच की काळ्या दारूची काजळी कडीमागे साचते. कडी जाम झाली की पुन्हा गळती. पंधरा-वीस बारांनंतर पाण्याचा ओला फडका फिरवला नाही तर तरफही जड होते. आजही शार्प्स उडवणारे लोक थुंकीने ठोकळा पुसतात. काजळी तेलापेक्षा पाण्यानेच सुटते.

विकत घेण्याच्या दृष्टीने बघणाऱ्याने हे तपासावं. क्रमांकाआधी ‘सी’ असेल तर त्यात एक लाख मिळवायचे. डाव्या बाजूला लांब दांडा आणि त्यात फिरणारी कडी हवी; स्वार खांद्यावरच्या रुंद पट्ट्याचा आकडा त्या कडीत अडकवायचा. दस्त्याच्या डाव्या अंगाला तपासनिसाच्या नावाच्या आद्याक्षरांचा ठसा. मग नळीच्या तोंडात बघायचं. युद्धानंतर सरकारने ३१ हजारांवर शार्प्स कार्बाइन धातूच्या .५०-७० काडतुसासाठी बदलून घेतल्या. ज्यांच्या नळ्या आतून फार रुंद झाल्या होत्या त्यांत नवी आतली नळी ठोकली. तोंडाशी बारीक वर्तुळ आणि सहाऐवजी तीन खाचा दिसल्या की समजावं. बदललेली कार्बाइन खोटी नसते, पण विकणारा ती ‘गेटिसबर्गची’ म्हणून खपवत असेल तर नमस्कार करून निघावं.

बाजूलाच बहुधा बर्नसाइड ठेवलेली असते. तिचं पितळी काडतूस आइस्क्रीमच्या कोनासारखं, बुडाला एक भोक, कमरेला फुगवटा. फुगवटा बरोबर फटीवर बसतो. म्हणजे फट बंदुकीने नाही, काडतुसाने बुजवायची. इथून पुढचा सगळा रस्ता याच कल्पनेचा. खोड अशी की उडालेला कोन ठोकळ्यातच घट्ट बसायचा. गॅलॅगरचंही तसंच, रिकामं काडतूस बाहेर खेचणारा काही भागच तिच्यात नव्हता; स्वार चाकूने उकरायचे.

तिसरा दिवस: रस्ता

गेटिसबर्ग ते स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, सहा तासांच्या वर. न्यूयॉर्कच्या वाहतुकीला वळसा घालून अंतर्भागातून जावं. वाटेत हार्टफर्डला कोल्टच्या कारखान्याचा निळा घुमट महामार्गावरूनच दिसतो. शार्प्सही याच गावात बनायच्या. हाताशी एक दिवस जास्त असेल तर व्हरमाँटमधल्या विंडसरला जावं. तिथे रॉबिन्स अँड लॉरेन्सच्या १८४६च्या इमारतीत जुन्या यंत्रांचं संग्रहालय आहे, आणि सुरुवातीच्या शार्प्स तिथेच घडल्या. हिवाळ्यात ते बंद असतं.

चौथा दिवस: स्प्रिंगफील्ड शस्त्रागार

१७९४ ते १९६८ चाललेला सरकारी कारखाना. आता राष्ट्रीय उद्यान सेवेचं संग्रहालय आणि शेजारी महाविद्यालय, त्यामुळे आवारात शिरताना विद्यार्थ्यांच्या गाड्यांची गर्दी. प्रवेश मोफत. लोक ‘ऑर्गन’पुढे, म्हणजे बंदुका उभ्या रचलेल्या मांडणीपुढे, थांबतात. त्याआधी ब्लँचर्डचं लेथ बघावं: एका बाजूला लोखंडी नमुना फिरतो, त्यावर चाक घासतं, दुसऱ्या बाजूला तसाच दस्ता लाकडातून निघतो. वेडावाकडा आकार यंत्राने कोरायचा हा प्रकार १८२०च्या आसपासचा.

स्पेन्सर इथे काचेआडून नीट बघता येते. ख्रिस्तोफर स्पेन्सरचा कारखाना बॉस्टनच्या ट्रेमाँट रस्त्यावर, चिकरिंगच्या पियानो कारखान्याच्या इमारतीत होता. इमारत अजून उभी आहे. दस्त्याच्या आत पत्र्याची नळी, तिच्यात स्प्रिंगवर सात काडतुसं. तरफ खाली ओढली की रिकामं बाहेर, वर केली की नवं आत. घोडा मात्र दर वेळी अंगठ्याने ओढायचाच. नवशिके हेच विसरतात आणि बंदूक बिघडली म्हणून ओरडतात.

एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं असताना धक्क्याने बार का उडत नाही? कारण स्फोटक बुडाच्या मध्यात नसून काठाच्या वळणात असतं. नाक टेकतं मध्यात. फटही काडतुसानेच बुजते: तांब्याची टोपणासारखी पातळ पुंगळी बारासरशी फुगून भिंतीला चिकटते, वायूला मागे यायला वाट नाही. ब्लेक्सलीच्या लाकडी-चामडी पेटीत भरलेल्या दहा पत्र्याच्या नळ्या बसायच्या, म्हणजे ७० गोळ्या; पेटीतली नळी दस्त्यात रिकामी केली की पुन्हा सात बार. दुखणं त्या पत्र्याचं. दस्त्यातली नळी चेपली किंवा पडून हरवली की स्पेन्सर एका गोळीची बंदूक होते. बाजारात नळीविना किंवा नव्या नकली नळीच्या स्पेन्सर पुष्कळ दिसतात. सरकारने युद्धात सुमारे ९४ हजार घेतल्या, शार्प्स ८० हजारांवर, बर्नसाइड ५५ हजार.

मग सैन्य पुन्हा एका गोळीवर का आलं? पैसा. युद्ध संपलं तेव्हा लाखो ठासणीच्या रायफली पडून होत्या. इथलाच मुख्य कारागीर अर्स्काइन ॲलिन याने १८६५त त्यांच्या नळीचा मागचा भाग वरून कापून तिथे पुढे उघडणारी झडप बसवली. १८७२-७३त जनरल टेरीच्या मंडळाने शेकडाभर नमुने तपासून हीच झडप निवडली. सात गोळ्यांनी सैनिक काडतुसं उधळतो, अशीही भीती होती. त्या काळच्या कारकुनी डोक्याला साजेशी.

१८७३ची स्प्रिंगफील्ड कार्बाइन: नळी २२ इंच, वजन तीन किलोच्या वर. काडतुसाची पुंगळी रायफलीचीच, पण रायफलीत ७० ग्रेन दारू आणि कार्बाइनमध्ये ५५, म्हणजे साडेतीन ग्रॅम. हलक्या बंदुकीचा दणका खांदा मोडेल म्हणून. पुढे ४०५ ग्रेनची गोळी, सव्वादोन तोळे शिसं. उरलेली पोकळी भरायला पुठ्ठ्याच्या चकत्या.

भरण्याची रीत: घोडा अर्धा ओढा, अंगठ्याने उजवीकडची खिट्टी वर, झडप पुढे उलटा. ती उलटताना बुडाशी असलेला आकडा रिकामी पुंगळी मागे फेकतो. नवं काडतूस अंगठ्याने पूर्ण आत, झडप दाबून बंद. ‘खट्’ आवाज यायलाच हवा. नाही आला तर बार काढायचा नाही.

दुकानात ही कार्बाइन मिळाली तर पुढच्या लाकडाच्या खालचा भाग नखाने चाचपावा. रायफलीच्या दस्त्यात गजासाठी खोबण असते, कार्बाइनला गज नसतो. खोबण पट्टी चिकटवून बुजवलेली आढळली तर रायफल कापून कार्बाइन केलेली आहे. कापलेल्या नळीचं तोंडही जाड दिसतं. मागच्या नेमपट्टीवर ‘सी’ हवा, ‘आर’ नको. लिटल बिगहॉर्नच्या १८७६च्या लढाईआधीचा क्रमांक हवा असेल तर तो ढोबळमानाने ४३७००च्या आत असतो, आणि अशा क्रमांकांवर भाव चढा असल्यामुळे खोटेपणाही तिथेच जास्त.

पाचवा दिवस: बिलिंग्ज, मोंटाना

ब्रॅडली विमानतळ हार्टफर्ड आणि स्प्रिंगफील्डच्या मधेच आहे. बिलिंग्जला थेट विमान शोधू नये, एकदा बदलावं लागतं. गेटिसबर्गहून घेतलेली शिशाची जुनी गोळी हातातल्या पिशवीत ठेवू नये. तपासणीत अर्धा तास जातो. सामानात टाकावी.

सहावा दिवस: लिटल बिगहॉर्न

बिलिंग्जहून ६५ मैल, क्रो लोकांच्या राखीव प्रदेशात. १८७६च्या जूनमध्ये इथे कस्टरच्या ७व्या घोडदळाचा मूळ रहिवासी योद्ध्यांनी पराभव केला. पाणी सोबत घ्यावं, सावली नाही. लास्ट स्टँड टेकडीवर पांढऱ्या दगडांची गर्दी, १८८१चा स्तंभ, आणि समोर २००३त उघडलेलं लाकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांचं गोल स्मारक. योद्धे पडले तिथे लाल ग्रॅनाइटचे दगड. तिथून साडेचार मैलांचा रस्ता रीनो-बेंटीन टेकडीपर्यंत जातो. तो चुकवू नये. कार्बाइनची गोष्ट मुख्यतः तिथे घडली. गवतात खडखड्या साप असतात, वाट सोडू नये.

प्रत्येक स्वाराकडे कार्बाइनच्या १०० गोळ्या होत्या, निम्म्या अंगावर, निम्म्या खोगिराच्या पिशवीत. घोडा गेला की निम्म्या गेल्या.

अंगावरच्या ५० चामड्याच्या पट्ट्यातल्या घरांत खोचलेल्या. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं तांब्याला लागतात आणि हिरवा, चिकट गंज चढतो. असं काडतूस तापलेल्या, काजळलेल्या नळीत गेलं. बार झाला, तांबं फुगलं आणि फट पूर्ण बंद झाली. इतकी की सुटेना. तांबं मऊ, फुगतं पण मागे आकसत नाही. स्वाराने झडप उघडली, आकड्याने काठ पकडला आणि काठ फाडून निघाला. नळीत राहिली बिनबुडाची पुंगळी. गज नाहीच, म्हणून खिशातला चाकू.

पराभवाचं कारण हेच, असं मात्र म्हणू नये. टेकडीवर दोन दिवस लढलेल्या मेजर रीनोने नंतर कळवलं की आपल्याकडच्या ३८० कार्बाइनपैकी सहा निकामी झाल्या. १९८३त गवताला आग लागून जमीन उघडी पडली, तेव्हा १९८४-८५त पुरातत्त्वज्ञांनी मैदान इंचाइंचाने तपासलं. उकरून काढल्याचे ओरखडे सापडलेल्या पुंगळ्यांपैकी अगदी थोड्यांवर होते. काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या टाचणीचा ठसा प्रत्येक बंदुकीचा वेगळा, त्यामुळे एकच कार्बाइन कुठून कुठे सरकली हेही त्यांना लावता आलं. विरुद्ध बाजूला हेन्री आणि विंचेस्टरच्या अनेक गोळ्यांच्या बंदुका होत्या, शिवाय संख्या आणि उताराचा फायदा. जनरल टेरी, ज्याच्या मंडळाने ही झडप निवडली होती, तोच या मोहिमेचा वरिष्ठ सेनापती होता आणि दोन दिवसांनी प्रेतं त्याच्याच फौजेला सापडली.

मैदानात काहीही उचलू नये. एक पुंगळी खिशात घालणंही केंद्रीय गुन्हा आहे, धातुशोधक यंत्र तर गाडीतसुद्धा नको.

सातवा दिवस: कोडी, वायोमिंग

बिलिंग्जहून सुमारे १०० मैल. बफलो बिल केंद्राच्या पाच संग्रहालयांपैकी एक बंदुकांचं. सात हजारांवर हत्यारं, २०१९त नव्याने मांडलेली. तिकीट सलग दोन दिवस चालतं आणि ते दोन दिवस लागतात.

१८७७ची स्प्रिंगफील्ड कार्बाइन शोधावी. दस्त्याच्या बुडाला छोटं झाकण दिसेल. आत तुकड्यांत जोडायचा गज आणि बिनबुडाची पुंगळी खेचायचं अवजार. लिटल बिगहॉर्नचं उत्तर एवढंच: चाकूऐवजी अवजार. खरा इलाज पुंगळीच्या धातूत होता. पितळ फुगून फट बुजवतं आणि दाब उतरला की केसभर मागे येतं. तेवढ्या केसभराने पुंगळी सुटते. १८८०च्या दशकात सैन्याने तांबं सोडलं.

त्याच रांगेत १८९६ची क्रॅग कार्बाइन आहे. नळी तीच २२ इंची, पाच गोळ्या, बिनधुराची दारू. ती बघताना बोल्टचं, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचं, तोंड आणि नळीचं बूड यांच्यामधली जागा बघावी. तिथे कडी नाही, सरकता ठोकळा नाही, काहीच नाही. सगळं काम पितळेकडे सोपवलेलं आहे.